पाठ घासलेला कॅमशाफ्ट

मी एक जुना कॅमशाफ्ट आहे. नाव अवघड वाटलं तरी मी तसा साधाच आहे, मित्रांनो. हातभर लांबीची लोखंडी दांडी आणि तिच्यावर आठ उंचवटे, एवढाच माझा देह. गॅरेजातली माणसं या उंचवट्यांना माझी नाकं म्हणतात. मी इंजिनात फिरतो तेव्हा ही नाकं वरच्या झडपा ढकलून उघडतात. पेट्रोलची वाफ आत येते, धूर बाहेर जातो आणि गाडी चालते. गाडी पळाली की लोक कौतुक मात्र चाकांचं करतात. चाकं काय, नुसती ढकलली तरी फिरतात!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. पण माझं आयुष्य गेलं हुबळीत, गुंडूच्या जुन्या काळ्या फियाटमध्ये. गुंडूचा धंदा तुम्हाला आज खरा वाटणार नाही. आप्पासाहेबांची दोन थिएटरं होती, एक हुबळीला आणि एक धारवाडला. सिनेमाची प्रत मात्र एकच. हुबळीत मध्यंतर झालं की पहिल्या अर्ध्याची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून गुंडूच्या गाडीत चढत आणि धारवाडला खेळ सुरू होई. मग गुंडू परत येऊन उरलेली रिळं नेई. गाडी अडली की पडदा पांढरा, आणि खुर्च्यांवर उभं राहून शिट्ट्या मारणारे पाचशे लोक.

वाटेत रायापूरकडे चढ लागे. त्या पेट्या घेऊन चढताना मला धाप लागायची. पाऊण तास तरी जायचाच. अठ्ठ्याहत्तर साली आप्पासाहेबांनी ठरवलं, की धारवाडचा खेळ पाव तास अलीकडे घ्यायचा. अळणावर गावाकडून येणारे लोक शेवट न बघताच स्टेशनकडे पळत, त्यांना परतीची रेल्वे निवांत मिळावी म्हणून.

"शुक्रवारी नवा सिनेमा लागतोय. अर्ध्या तासात पेट्या धारवाडला पायजेत," आप्पासाहेब म्हणाले. "तुझ्या डब्याला जमत नसंल तर सांग. नव्या व्हॅनवाला दारात उभा हाय."

गुंडूला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्या गाडीवाचून दुसरं काही नव्हतंही. तो थेट केदारी अण्णांच्या गॅरेजात आला.

केदारी अण्णा हुबळीतले नावाजलेले मेकॅनिक. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, त्यांची मापाची शिस्त अण्णांच्या हातात उतरली होती. पत्र्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली ओळीने टांगलेले पाने. अण्णांनी मला बाहेर काढलं, पुसलं, उजेडात फिरवलं.

"जास्त ताकदीचा नवा कॅमशाफ्ट आणायचा तर गाडी विकाय लागंल," ते म्हणाले. "ह्यालाच उंच करूया."

"लोखंड उंच कसं करतंय अण्णा?"

"नाकाला हात लावायचा न्हाई. पाठ घासायची, म्हणजे नाकाच्या उलटीकडची गोल बाजू. पाठ खाली गेली की नाक आपोआप वर. झडप जास्त उघडतंय, इंजिन जास्त श्वास घेतंय."

दोन दिवस मी लेथवर होतो. अण्णा पत्र्याचा साचा लावून पाहत आणि सहाणेचा दगड माझ्या पाठीवरून फिरे. दुखलं का? दुखलं, मित्रांनो. पण उंच व्हायची हौस मलाही होतीच, उगीच खोटं कशाला बोलू!

यात एक धोका असतो. झडप जास्त खाली उतरते आणि खालून पिस्टनचा दट्ट्या वर येतो. दोघांची टक्कर झाली तर इंजिन संपलं. म्हणून पिस्टनवर मऊ पिठाचा गोळा ठेवतात, वरचं झाकण लावून इंजिन हाताने फिरवतात आणि परत उघडून पाहतात. जिथे झडपेने पीठ दाबलं तिथे उरलेली जाडी, तोच मधला वाव.

गुरुवारी अण्णांनी घरातून पिठाचा गोळा मागवला. त्यांच्या बायकोने, दुर्गव्वा अक्कांनी, तो भाकरीच्या परातीतूनच काढून दिला. अण्णांनी तपासणी केली आणि नखाने जाडी मोजली. "भरपूर हाय," ते म्हणाले, आणि इंजिनाचं झाकण कायमचं बसवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी इंजिन सुरू झालं. गुंडू लहान मुलासारखा हसला, पाय दाबला की गाडी कशी उसळत होती! पण मला आत काहीतरी हलकंसं लागत होतं. टिक. पुन्हा टिक. मला कळत होतं काय होतंय ते. झडप पिस्टनला चाटून जात होती. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे तेवढंच, टिक.

"नवं काम हाय, बसंल जागेवर," अण्णा म्हणाले.

दुर्गव्वा अक्का चहा घेऊन आल्या होत्या. बाकावर कालच्या पिठाचा तुकडा वाळून पडला होता. तो त्यांनी उचलला आणि बोटांनी चुरडला.

"ह्यावरनं माप घेतलासा? हे ज्वारीचं हाय. दाबलं की फुटतंय आणि फुटलं की फुगतंय, माप जास्तच दाखवणार. भाकरी थापताना रोज बघतोय आमी. कणीक तरी मागायची!"

अण्णांचा चेहरा उतरला. घरात ज्वारीच असायची, गव्हाचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अक्का, आता नऊ वाजलेत," गुंडू काकुळतीला आला. "चालालंय की चांगलं! सोडा आता."

"चालालंय ते दिसतंय मला," अण्णा म्हणाले. "किती वेळ चालंल ते दिसंना." आणि त्यांनी पाना उचलला.

शेजारच्या घरातून कणीक आली. या वेळी पिठावर झडपेचा ठसा स्वच्छ उमटला आणि त्याच्या तळाला कागदाएवढाच पापुद्रा उरला होता. तो पाहून गुंडूने स्वतःच पाना अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी झाकणाखाली एकाऐवजी दोन गॅस्केटं, म्हणजे सांध्यातल्या चपट्या पट्ट्या, घातली; झाकण तेवढं वर उचललं गेलं. त्यात थोडी ताकद गेली, पण वाव वाढला.

"आता सांभाळलंस तर जमंल," ते गुंडूला म्हणाले. "फार जोरात फिरवलंस तर झडपा मिटायला मागं राहतील आणि परत चाटतील. टिक ऐकलंस की पाय उचल. कोण काय बी सांगू दे."

दुपारी पेट्या चढल्या, आणि शेजारच्या सीटवर चढले खुद्द आप्पासाहेब, हातात घड्याळ घेऊन. आम्ही सुटलो. रायापूरचा चढ मी असा घेतला की आप्पासाहेबांनी दाराची कडी धरली. पण पुढे एका बैलगाडीमागे आम्ही अडकलो आणि चार मिनिटं गेली.

"दाब!" आप्पासाहेब ओरडले. गुंडूने दाबलं. माझा वेग वाढला, स्प्रिंगा किंचाळल्या. आणि आलं. टिक.

गुंडूने पाय उचलला.

"अरे दाब म्हणतोय ना! व्हॅनवाल्याला बोलावू काय?"

पण गुंडूचा पाय खाली गेला नाही. तो दात आवळून त्याच चालीने गाडी हाकत राहिला. धारवाडच्या थिएटरात पेट्या पोचल्या तेव्हा दुसरी घंटा वाजत होती. तिसरीला पडद्यावर उजेड पडला.

"बघ!" आप्पासाहेब घाम पुसत म्हणाले. "माझं ऐकलं असतंस तर पाच मिनिटं आधी आलो असतो."

"आलो असतो साहेब," गुंडू म्हणाला. "आजच्यापुरतं."

व्हॅनवाल्याचं नाव आप्पासाहेबांनी पुन्हा काढलं नाही. त्याच चालीने मी पुढची सात वर्षं ती रिळं वाहिली. मग घरोघरी व्हिडिओ आले, धारवाडचं थिएटर बंद पडलं आणि गाडी भंगारात गेली. मी तेवढा गुंडूच्या घरी खिडकीत आलो. सुरुवातीला दर दसऱ्याला मला तेल मिळे. आता तीन दसरे कोरडे गेले. पाठीवर गंज चढलाय. राग नाही, माणसं थकतात.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरातली सायकल, पंखा, शिलाईचं मशीन, कुणालाच वाचा नसते. मोडण्याआधी ती बिचारी एकदा बारीकसा आवाज करतात, त्यापलीकडे त्यांना काही येत नाही. तो ऐका, आणि शेजारी कुणी कितीही ओरडत असलं तरी पाय उचला.