एका कुशीवर झिजलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. हल्लीच्या मुलांना मी फारसा दिसत नाही, म्हणून आधी माझे अंग सांगतो. एक पितळी गोळा, एक दोरी आणि दोरीत ओवलेला लाकडी गट्टू, एवढाच माझा संसार. गट्टू आणि गोळा सारख्याच जाडीचे. गवंडी गट्टू भिंतीच्या वरच्या कडेला टेकवतो आणि गोळा खाली सोडतो. गोळा भिंतीला जेमतेम शिवला, की भिंत सरळ, म्हणजे ‘ओळंब्यात’. दूर राहिला किंवा भिंतीवर रेलला, की भिंत कललेली.

एका म्हाताऱ्या गवंड्याने मला हौसेने करून घेतले. त्याच्यामागे मी त्याच्या थोरल्या मुलाकडे आलो. थोरला मोठा सचोटीचा आणि देवभीरू. संध्याकाळी स्वतःचे हात धुण्याआधी मला पुसून ठेवी. लोक म्हणत, “याच्या भिंतीला पाठ टेकून बसावं, पाठीचा बाक जाईल.” ते ऐकून मीही फुगत असे.

एकदा चर्चला लागून मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी खोली बांधायची ठरली. पुढची लांब भिंत दोघा भावांनी वाटून घेतली. अर्धी थोरल्याची, अर्धी धाकट्याची. धाकट्याचा ओळंबा नवा होता. भिंत वर चढली आणि मधोमध दोन्ही अर्धे जुळेनात. बोटभर फरक पडला.

“तुझी भिंत मागं पडलीय,” थोरला म्हणाला.

“माझी ओळंब्यात आहे, दादा. तुझीच पुढं आलीय.”

“हा बाबांचा ओळंबा आहे. तू रांगत होतास तेव्हापासून भिंती सरळ करतोय.”

“म्हणून तर म्हणतो, एकदा त्यालाही तपास.”

“आता ओळंब्याला ओळंबा लावू का?”

सगळे मजूर हसले. धाकट्याचे तोंड उतरले. त्याने थापी धुतली आणि म्हणाला, “सोमवारी पाड माझी भिंत. मी बायकोला घेऊन दुसरीकडं काम बघतो.” थोरल्याने त्याला थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि प्रभुभोजन होते. भाकर आणि प्याला घेण्याआधी आपले मन तपासायचे, ही त्या घरची रीत. पहाटे थोरला गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करू लागला, “प्रभू, धाकट्याला त्याची चूक दाखव. त्याचा ताठा मोड.”

त्याची बायको सदऱ्याला इस्त्री करत होती. ती म्हणाली, “अहो, गुडघे तुमचे टेकलेत आणि पापं भावजींची सांगताय. त्यांची ते सांगतील की.”

“मग मी काय सांगू?”

“ते मला काय विचारता? तपासायला तुम्ही बसलाय ना?”

थोरला उठला. मग त्याने मला खुंटीवरून काढले आणि धुतल्या कपड्यांनिशी बांधकामावर गेला. आपल्या भिंतीला त्याने मला लावले. गोळा जेमतेम शिवला. तेवढ्यावर तो परत फिरला असता, तर त्याला कोण बोलणार होते? पण त्याने कधी केले नव्हते ते केले. गट्टू उलटा फिरवून दुसरी बाजू भिंतीला टेकवली. गोळा भिंतीपासून दूर लोंबकळत राहिला. त्याने गट्टूवरून अंगठा फिरवला. बापाने आणि त्याने वर्षानुवर्षे मला एकाच कुशीवर टेकवले होते. ती कूस झिजली होती.

मग तीच चांगली बाजू त्याने धाकट्याच्या भिंतीला लावली. गोळा अलगद शिवला.

चर्चची घंटा वाजत होती. थोरला आत गेला नाही, भावाच्या दाराशी गेला. आत ट्रंक बांधून तयार होती.

“तुझी भिंत सरळ आहे,” तो म्हणाला. “वाकडी माझी.”

धाकट्याने गट्टू हातात घेऊन पाहिला. “झिजलाय हा. यात तुझी काय चूक, दादा?”

“झिजला ती चूक नाही. तू सांगितलंस आणि मी पाहिलं नाही, ती.”

आतून धाकट्याच्या बायकोने विचारले, “ट्रंक सोडू, की आधी उपासनेला निघायचं?” दोघे भाऊ उशिरा पोहोचले आणि शेवटच्या बाकावर शेजारी बसले.

सोमवारी थोरल्याने आपली अर्धी भिंत आपल्या हातांनी पाडली. येणारेजाणारे बघत होते. एवढा नावाजलेला गवंडी, पण त्याने मान खाली घातली नाही आणि भिंतीला दुसरे कुठले कारणही चिकटवले नाही. धाकटा त्याला विटा काढून देत होता. थोरल्याने बांधलेल्या कितीतरी भिंती मी पाहिल्या. पण माझ्या धन्याचा खरा मोठेपणा मला त्या पाडलेल्या भिंतीत दिसला.

मित्रांनो, झीज वाईट माणसालाच लागते असे नाही. ती भल्याला लागते, प्रार्थना करणाऱ्यालाही लागते, आणि ज्याला लागते त्याला ती कळत नाही. मला तरी कुठे कळली होती? म्हणून देवापुढे बसाल तेव्हा नेहमीची, सवयीची बाजू टेकवून उठू नका. जरा फिरून पाहा. आणि तुमच्यावर माया करणारा कुणी म्हणाला, “एकदा स्वतःला तपास,” तर हसण्यावारी नेऊ नका. तो निघून जाण्याआधी तपासा.