पहिलं नाव सरांचं

आता मच्छिंद्रला मूर्ख म्हणावं तर माणूस हुशार. नवीन जालन्यात बियाणं वाळवायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो त्या यंत्रांच्या आतला प्रोग्राम लिहितो, सी या संगणकाच्या भाषेत. आणि या गड्यानं चार वर्षं खपून त्या भाषेतच एक नवी सोय सुचवली. सीचे नियम ठरवणारी जी जगभरच्या लोकांची समिती आहे, तिच्याकडं रीतसर प्रस्ताव पाठवला. जालन्यातून!

सोय साधीच होती. सीमध्ये महिरपी कंसात लिहिलेल्या ओळींना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकात शिरताना हीटर चालू केला, तर निघताना तो बंद करायची ओळ आपणच लिहायची. पण निघायच्या वाटा पाच-सात असतात, आणि दरेक वाटेवर ती ओळ आठवणीनं लिहावी लागते. मच्छिंद्रचं म्हणणं, वर एकदाच लिहून ठेवा, 'जाताना एवढं करा', मंग कुठूनबी निघा, ते होणारच.

हे त्याला का सुचलं, ते कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. एका वाटेवर त्याच्याकडून ती ओळ राहून गेल्ती. यंत्र थांबलं, दिवा विझला, पण आत हीटर तापतच राहिला. तातेराव ऑपरेटरनं बिनधास्त हात घातला. त्यांची तीन बोटं आजही वळत नाहीत. मालक म्हणाले, होतं असं कधीकधी. तातेराव तर एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मच्छिंद्रला खात होतं. ही सोय भाषेत आली तर आपल्यासारखा दुसरा कुणी असं करणार नाही, एवढ्या आशेवर तो दिवस ढकलत होता.

आणि या शहाण्यानं काय करावं? प्रस्तावावर पहिलं नाव भालचंद्र सरांचं टाकलं! पॉलिटेक्निकात त्याला सी त्यांनीच शिकवलेली. गुरूचं नाव वर, आपलं खाली, ही आपल्याकडची रीत. पेढे घेऊन आष्टीला त्यांच्या घरी गेला, पाया पडला, प्रस्ताव हातात दिला. सर म्हणाले, बराबर केलं. वाचून बघा म्हणायची हिंमत याच्यात कुठली?

समितीला ही रीत काय ठाऊक! तिच्या लेखी पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक. शंका तिनं सरांना विचारल्या. सरांनी तेव्हा कुठं प्रस्ताव वाचला, त्यात लिहिलेली तातेरावांच्या हाताची हकिकतही वाचली, आणि परस्पर उत्तरही धाडलं. मच्छिंद्रला कळलं ते समितीचं पत्र आल्यावर. मुख्य लेखकालाच ही सोय नको आहे, तेव्हा प्रस्ताव मागे घ्यायला तुमचीही संमती आहे का, उद्यापर्यंत कळवा.

तो तडक मोटारसायकलवर आष्टीला निघाला. वाटभर काय बोलायचं ते जुळवत गेला. सरांनी त्याला बसवलं आणि आपलं उत्तर मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. मंग चष्मा काढला.

"तीस वर्षं मी पोरांना एकच शिकवलं. जे चालू केलं ते बंद करायचं. तू केलं न्हाईस. त्या माणसाचा हात भाषेमुळं न्हाई भाजला, मच्छिंद्र. तुझ्यामुळं भाजला."

इतक्या वर्षांत हे कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. त्याला सांगायचं होतं, खरंय सर, माझ्यामुळंच, आणि म्हणूनच तर हे लिहिलं, माणूस चुकणारच. पण सरांना उलटून बोलायची त्याला सवयच नव्हती. पार खचला बिचारा.

"प्रस्ताव मागं घ्यायला मी होय कळवलंय," सर म्हणाले. "आता तू बी कळव."

उद्यापर्यंत वेळ होता. घरी जाऊन 'माझी संमती नाही' एवढंच लिहिलं असतं तर प्रस्ताव टिकला असता. पण जगापुढं सरांना खोटं पाडायचं? आणि आपण दोष भाषेवर ढकलून राह्यलो, असं त्यांना वाटलं तर? त्यानं मोबाइल काढला आणि सरांसमोरच होय टाकलं.

सरांनी पाठीवर हात ठेवला, तसा मच्छिंद्र ढसाढसा रडायला लागला. पोराला आपली चूक पटली, असं सरांना वाटलं, आणि त्यांनी समाधानानं आत चहा सांगितला.