चौथ्या नंबरची तपेली

मी एक जुनी पितळी तपेली आहे, मित्रांनो. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव आजही वाचता येतं: ‘शिवकांता हिस बंधू गुरुपादप्पाकडून’. उदगीरच्या तांबटाने ते घालताना मला फार लागलं होतं. पण त्याच नावाने एकदा एका घराची अब्रू राखली, त्यामुळे आता माझी तक्रार नाही.

शिवकांता लग्न होऊन निलंग्याजवळच्या गावात आली, तिच्याबरोबर मी आले. तिचा टमाट्याचा भात माझ्यातच व्हायचा. तेलात मोहरी, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची. मग काळा मसाला. मग टमाट्यांचा लगदा होईपर्यंत धीर. तिच्या सासूने, नीलम्माने, देवळाच्या कळसालाही नावं ठेवली होती. या भाताला मात्र तिला ती सुचली नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. धुवायला पाणी नाही, म्हणून आम्हा भांड्यांना कोरड्या राखेने घासू लागले. माझ्या पोटातली कलई निघून गेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण शिजवायला तरी काय होतं?

एका सोमवारी मठातले जंगमस्वामी दारात आले. जंगम या घरातून उपाशी गेला, असं कधी घडलं नव्हतं. घरात होते दोन ओंजळी तांदूळ, शिवकांताच्या भावाने आदल्या दिवशी आणलेले टोपलीभर टमाटे आणि तांब्याभर पाणी.

“त्यो तांब्या पूजेचा हाय. थेंब घेशील तर बघ,” नीलम्मा म्हणाली.

“पाणी लागतंय कशाला, आत्याबाई? टमाट्यातच हाय की,” म्हणत शिवकांताने मला चुलीवर ठेवलं, आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “कलई गेलीय! सगळा भात कळकंल.”

उघड्या पितळेला आंबट लागलं की अन्न कडवट होतं, मित्रांनो. घरात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक पातेलं होतं, पण ते कामावर होतं. टँकरच्या रांगेत चौथा नंबर धरून ते तीन दिवस बसलं होतं. ते उचललं की नंबर गेला, आणि नंबर गेला की आणखी चार दिवस घसा कोरडा.

शिवकांताने मला काखेत मारलं, रांग गाठली, जर्मनचं पातेलं उचललं आणि तिथे मला ठेवलं.

“ए बाई, नंबर पातेल्याचा हाय,” मागची बसम्मा कडाडली. “तपेलीचा न्हाई.”

“पाणी पातेलं पितंय का मी?”

“आज तपेली आली, उद्या म्हैस आणून बांधशील.”

शिवकांताने माझा काठ तिच्यापुढे धरला. “हे बघ माझं नाव. तुझ्या घागरीवर तुझं दाखव, मी मागं जाते.”

बसम्माला वाचता येत नव्हतं. तिने सगळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, कलेक्टरचा शिक्का तपासावा तसं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

मी रांगेत बसून राहिले. घर तीन दारं पलीकडे. आधी मोहरीचा वास आला. मग कढीपत्त्याचा. मग काळा मसाला आला आणि भांडणाऱ्या बायका गप्प झाल्या.

“टमाटं पडलं,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“पाणी किती घातलं असंल?”

“थेंबसुद्धा न्हाई.”

तो भात मी शेकडो वेळा पोटात शिजवला होता. पण तो केवढा मोठा आहे, ते मला त्या दिवशी रिकामी बसून कळलं.

थोड्या वेळाने शिवकांता पळसाच्या पानावर भात घेऊन आली. “स्वामी जेवले. म्हणाले, रांगंला परसाद दे.”

एकेकीला एकेक घास. बसम्माने डोळे मिटून खाल्ला. “मीठ कमी हाय,” ती म्हणाली, आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. संध्याकाळी टँकर आला. मी काठोकाठ भरले. माझं नाव ओलं झालं.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. पुढे नळ आला. पाणी त्याच्या मागून निघालं आहे म्हणतात. शिवकांता सासू झाली, घरात स्टील आलं आणि मी माळ्यावर पालथी पडले. कलईवाला आता फिरकत नाही. मित्रांनो, जुन्या भांड्याला मोडीत घालण्याआधी एकदा त्याच्या पोटात डोकावून बघा. बहुतेक वेळा त्याला फक्त कलई हवी असते.

गेल्या उन्हाळ्यात गावात पुन्हा टँकर सुरू झाला. सून स्टीलची कळशी घेऊन रांगेकडे निघाली, तेव्हा शिवकांताने तिला उंबऱ्यातच अडवलं.

“ती न्हाई,” ती म्हणाली. “नाव असलेली घेऊन जा.”