हिरव्या बाणाचा चमत्कार

पडद्यावर हिरवा बाण उमटला आणि हॉलमधली साठ माणसं एकदम ताठ झाली.

"घ्या!" शेअर बाजाराचा क्लास घेणारे सर ओरडले.

सगळ्यांनी मोबाइलवर बोटं आपटली. शेअर वर गेला की टाळ्या. खाली गेला की सर म्हणायचे, "घाई केलीत. श्रद्धा कच्ची पडली."

चार्टवरच्या तीन निर्देशकांचा सरांचा मंत्र सोपा होता. "आरएसआय ही मार्केटची नाडी, एमएसीडी हा श्वास, मूव्हिंग ॲव्हरेज ही चाल. तिघांनी एकदम हो म्हटलं, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी भाव पाडू शकत नाही!" मग ते जुने चार्ट दाखवायचे. प्रत्येक तळाला हिरवा बाण, प्रत्येक शेंड्यावर लाल. चूक औषधालाही नाही.

मी रोज जायचो. बायको जाऊन आठ महिने झाले होते. घरात भांडं वाजलं तरी ते मीच पाडलेलं असायचं. हॉलमध्ये निदान कुणी "या काका, बसा" म्हणायचं. इंट्राडेमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्यात, मोठी रक्कम लावायची म्हणून मी तिचं शिवणकामाचं दुकान विकायला काढलं. मंगळवारी संध्याकाळी सही करायची होती.

त्याच दिवशी सकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, वॉर्डातली नर्स. "भाऊजी, ताईचं दुकान ज्याच्या पायी घालताय, तो माणूस तरी बघू द्या."

ती माझ्याबरोबर हॉलमध्ये आली आणि वही घेऊन मागे बसली. बाण आला की वेळ लिहायची, ताप लिहावा तशी. शाईने.

दुपारी दोनला उठली. "सर, दहा वीसचा हिरवा बाण दाखवा ना."

सरांनी चार्ट मागे सरकवला. दहा वीसला बाण नव्हताच. दहा चाळीसला, भाव अगदी तळाला गेला होता तिथे, तो दिमाखात उभा होता.

"मॅडम, तुम्ही चुकीची वेळ लिहिलीत."

"कसली चुकीची?" पुढच्या रांगेतला न्हावी उठला. "मी दहा वीसलाच घेतला. मोबाइलात वेळ आहे. बुडालो की राव!"

मेहुणीने सकाळपासून अकरा बाण लिहिले होते. पडद्यावर त्यातले चारच उरले होते. फसलेला बाण सॉफ्टवेअर गुपचूप पुसायचं आणि भाव फिरल्यावर मागे जाऊन बरोबर जागी नवा काढायचं.

"पण बाणाला तीन साक्षीदार आहेत! नाडी, श्वास, चाल!" सर म्हणाले.

"तिघंही कशावरून काढता?"

"भावावरून."

"मग साक्षीदार एकच. एका थर्मामीटरचा आकडा तीन कागदांवर लिहिला, म्हणून पेशंटला तीन ताप येत नाहीत. आणि मी मागाहून तक्ता बदलला, तर मला घरी बसवतील. तुम्हाला टाळ्या!"

हॉल हसला. तेवढ्यात सरांना महत्त्वाचा फोन आला. वाजला मात्र नाही. ते कानाला लावून बाहेर गेले, ते गेलेच.

मी दुकानाचा व्यवहार मोडला.

"भाऊजी, तुम्ही कसे फसलात?" मेहुणीने विचारलं.

खरं सांगतो. मला पुढचं सांगणारं कुणीतरी हवं होतं. बायको आजारी असताना मी डॉक्टरांना रोज विचारायचो, "वाचेल ना?" ते म्हणायचे, "सांगता येत नाही. आज काय दिसतंय तेवढं सांगतो." मला राग यायचा. आता कळतं, तो माणूस खरं बोलत होता.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. पुढच्या पंधरा मिनिटांचं कळतं असं जो म्हणतो, त्याला ते आधी बोलू द्या. तुम्ही लिहून ठेवा, वेळेसकट. मग ताडून बघा. टाळ्या त्यानंतर.