लस कोणी घेतलीय?

चेरीच्या दिवसांत आमच्या गावात गावकऱ्यांपेक्षा देशोदेशींची बॅकपॅकर पोरंच जास्त दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या या मरे नदीच्या काठाने बागा आहेत, बागांत काम आहे, आणि पुलाजवळच्या हॉस्टेलात एकेका खोलीत सहा-सहा जण झोपतात. मी त्या हॉस्टेलची व्हॅन चालवतो. पूर्वी शाळेची बस चालवायचो. काम तेच आहे, फक्त आताच्या पोरांना दाढ्या आहेत.

शाओ-मिन तैवानची. सगळे तिला मिन म्हणायचे. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना नावानेच हाक मारतात, पण माझ्या वयाच्या माणसाला नुसतं 'डेस' म्हणणं तिला जमेना. मग ती मला 'डेसकाका' म्हणायला लागली. बाकीची पोरं हसली. मला मात्र आवडलं.

बागेत तिचं काही जमलं नाही. चेरी देठासकट काढावी लागते, नाहीतर दोन दिवसांत नासते. मिन एकेक देठ चिमटीत धरून असा अलगद वळवायची, की डहाळी हलायचीसुद्धा नाही. तिच्या बादलीत खराब फळ सापडायचं नाही, पण बादली भरायचीही नाही. शेवटी मुकादमाने तिला झाडावरून उतरवून शेडमध्ये फळं निवडायला बसवलं. त्या रात्री ती न जेवताच झोपली.

त्यात कॉर्मक. आयर्लंडचा, ताडमाड, चेरी काढण्यात सगळ्यांच्या पुढे. इकडे येण्याआधी थायलंडमध्ये मिनला कुत्रा चावला होता आणि रेबीजची सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली होती. हे त्याला कळल्यापासून ती समोरून गेली की तो भुंकायचा. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण एकच गंमत रोज किती दिवस करायची याला काही धरबंध नव्हता.

डिसेंबरच्या मध्यावर उन्हाचा इशारा आला. पारा त्रेचाळीसच्या वर जाणार म्हणून मालकाने काम बंद ठेवलं. सगळ्यांना नदीत डुंबायचं होतं. मिन म्हणाली, "मला वॉम्बॅट बघायचाय."

"या उन्हात?" कॉर्मक म्हणाला.

"सकाळी लवकर जाऊ. एवढ्या लांब आले आणि वॉम्बॅट न बघता गेले, तर घरी काय सांगू?"

"तो काय बघायचाय? केसाळ बटाटा असतो तो," मी म्हणालो. तरी व्हॅन काढली. दीड तासावर प्राण्यांची बाग आहे. मिन, कॉर्मक आणि आणखी चार-पाच जण आले. कॉर्मक तोंडाने कुरकुरत होता, पण पुढची सीट त्यानेच पकडली.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फाटक उघडलं होतं. वॉम्बॅट बिळात तोंड खुपसून झोपला होता. बाहेर दिसत होता तो फक्त त्याचा पार्श्वभाग. मिन कठड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. त्याने एकदा पाय झाडला, तेवढ्यावर ती खूश झाली. फोटो काढून तिने लगेच आईला पाठवला.

दहा वाजेपर्यंत कांगारू सावलीला आडवे झाले होते. बागेची माणसं पाइपने पाणी मारत फिरत होती. आम्ही कॅन्टीनमध्ये पंख्याखाली सॉसेज रोल खात बसलो असताना मर्ल आत आली. मर्ल त्या बागेत कित्येक वर्षं जनावरांची काळजी घेते. माझ्यापेक्षा थोडीच लहान, आवाज मात्र खणखणीत.

"मंडळी, बाग बंद करतोय. सगळ्यांनी घरी जा आणि पाणी पीत राहा," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्यात रेबीजची लस कोणी घेतलीय?"

मग तिने कारण सांगितलं.

बागेच्या मागे ओढा आहे. तिथल्या निलगिरींवर वटवाघळांची मोठी वस्ती आहे. ती बागेची नव्हेत, आपली आपण येऊन राहिलेली. उन्हाने ती झाडांवरून पडायला लागली होती. वटवाघळांच्या अंगात रेबीजच्या जातीचा एक रोग असू शकतो, म्हणून लस नसलेल्या माणसाने त्यांना हात लावायचा नाही, असा कडक नियम. बागेत लस घेतलेल्या दोघी होत्या. मर्ल एक, आणि दुसरी नेमकी सुट्टीवर गेलेली. शहरातून मदतीची माणसं निघाली होती, पण वाटेत गवताला आग लागून रस्ता बंद झाला होता.

कॉर्मकने मिनकडे पाहिलं. या वेळी तो भुंकला नाही. "मिन, तू घेतलीयस ना?" तो हळूच म्हणाला.

मिनने हात वर केला, शाळेत करतात तसा.

मर्लने तिला दहा प्रश्न विचारले. लस कधी घेतली, सगळे डोस झाले का, नंतर रक्त तपासलं का. मिनने सगळी उत्तरं दिली आणि फोनमधले कागद दाखवले. मर्लने डॉक्टरांना फोन लावून ते वाचून दाखवले. डॉक्टर हो म्हणाले.

"भीती वाटते का?" मर्लने विचारलं.

"वाटते," मिन म्हणाली. "मोजे आहेत का हातात घालायला?"

"आहेत. चल."

मी म्हणालो, "मर्ल, ही माझ्या गाडीतून आलेली पोरगी आहे. तिला काही झालं तर..."

"तर तू माझं डोकं खाशील, ठाऊक आहे. इथे नुसता उभा राहू नकोस. तो पाइप घे."

ओढ्याकाठचं ते चित्र मी विसरणार नाही. शेकडो वटवाघळं पंखांनी वारा घेत होती, गारव्यासाठी मनगटं चाटत होती. कित्येक फांद्या सोडून बुंध्याकडे सरकली होती आणि तिथे एकमेकांवर चढून त्यांचे घोस झाले होते. वरच्यांच्या भाराने खालची गुदमरत होती. जमिनीवर मेलेल्या आया पडलेल्या, आणि त्यांच्या पोटाशी अजून जिवंत पिल्लं बिलगलेली.

मर्लने मिनला एकदाच करून दाखवलं. टॉवेल टाकायचा, पंख मिटवायचे, डोकं बाहेर ठेवायचं, घट्ट पण दाबून नाही. मग ती दुसऱ्या झाडाकडे गेली.

मिन पहिल्या मेलेल्या आईपाशी गुडघ्यावर बसली. पिल्लाची नखं आईच्या केसांत रुतली होती. ओढलं असतं तर नखं तुटली असती. मिनने एक नख चिमटीत धरलं, जरासं वळवलं, सोडवलं. मग दुसरं. मग तिसरं. मी पाइप धरून मागे उभा होतो आणि माझ्या ध्यानात आलं, हा हात मी चेरीच्या बागेत पाहिलाय. पिल्लू सुटलं, चिरकलं, आणि तिने ते टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलं.

"गेलं का?" कॉर्मकने दुरून विचारलं.

"जिवंत आहे. टोपली घेऊन जा. हात आत घालू नकोस."

"नाही घालत."

"पळू नकोस. हलतं ते."

तो पळता पळता थांबला आणि चालायला लागला. कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून, पंखे लावून जागा केली होती. आमची बाकीची पोरं बादल्या भरत होती, टॉवेल भिजवत होती. कोणाला घरी जायचं सुचलं नाही.

दुपारी एका बुंध्यावर मोठा घोस झाला. शिडी जुनी, मर्लने वर चढणं धोक्याचं. "मी हलकी आहे," मिन म्हणाली आणि कोणी काही म्हणायच्या आत चढली. खाली कॉर्मकने शिडी अशी धरली की त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या. मिन वरून एकेक वटवाघूळ सोडवून पिशवीत ठेवायची आणि पिशवी दोरीने खाली सोडायची. मी फवारा मारत होतो, बारीक, तिने सांगितला तसा. एकाने तिच्या मोज्यात दात रोवले. ती हलली नाही. त्याने आपणहून सोडेपर्यंत तशीच थांबली.

"मिन, खाली ये. हात बघू दे," मर्ल ओरडली.

मोजा फाटला नव्हता. तरी मर्लने तिला मोजा काढायला लावून साबणाने बराच वेळ हात धुवायला लावला, नीट पाहिला, आणि मगच नवा मोजा दिला. मिन परत वर गेली.

सगळी वाचली नाहीत. खूप मेली. एकदा मिन ओढ्याकडे पाठ करून बसलेली दिसली. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. ती रडत होती.

"काका, मी हळू आहे. मी हळू होते म्हणून काही मेली."

"तू नसतीस तर त्या टोपल्या रिकाम्या असत्या," मी म्हणालो. "पाणी पी."

ती पाणी प्यायली आणि तोंड धुऊन उठली.

संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला. आमच्याकडे तो असा अचानकच येतो. निलगिरीची पानं उलटी झाली आणि घामेजल्या पाठीला थंडी वाजली. बुंध्यावरची वटवाघळं हळूहळू वर चढू लागली. रस्ता उघडला आणि शहरातून पाच-सहा माणसं आली, सगळी अनुभवी, बागेच्या ओळखीची. त्यांच्यातल्या एकाने मर्लला विचारलं, "सुरुवात कुठून करू?"

मर्लने मिनकडे बोट दाखवलं. "तिला विचार. सकाळपासून पिल्लं तिच्या ताब्यात आहेत."

मिन गोंधळली. मग तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. कोणत्या टोपलीतली अशक्त आहेत, कोणाला पाणी दिलंय, कोणती अजून आईला शोधतायत. ती माणसं माना डोलावत ऐकत होती. कॉर्मक माझ्या शेजारी उभा होता. मातीने बरबटलेला, ओठ फुटलेले.

"डेस, बघतोयस ना?" तो म्हणाला.

"बघतोय."

"आमच्या हॉस्टेलची आहे ती," तो शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाला. बाईने विचारलंही नव्हतं.

अंधार पडताना वाचलेली वटवाघळं झाडांवरून उठली आणि नदीच्या दिशेने गेली. मर्ल कमरेवर हात ठेवून बघत होती. "बरं झालं काम," ती मिनला म्हणाली. मर्लच्या तोंडून एवढं निघालं, तर बाकीचं आपण समजून घ्यायचं असतं.

मिन आमच्याबरोबर परत आली नाही. अनाथ पिल्लांना रात्रंदिवस दूध पाजावं लागतं, आणि मर्लच्या घरी एक खोली रिकामी होती. दुसऱ्या दिवशी मी तिची पाठपिशवी पोचवायला गेलो. ओसरीत दोरीवर पिल्लं टांगलेली होती, प्रत्येक एकेका छोट्या फडक्यात. लस घेतलेल्या दोन नव्या मुली बाजूला उभ्या होत्या आणि मिन त्यांना बाटली कशी धरायची ते दाखवत होती.

"डेसकाका, बॅग तिथे ठेवा," ती मान न वळवता म्हणाली. "लगेच निघू नका. बाटल्या धुवायच्यात. साबण आतला घ्या, बाहेरच्याला वास आहे."

मी बाह्या सरसावल्या आणि नळाकडे गेलो.