डुगडुगराव विकणे आहे

माझ्या धंद्याचं भांडवल म्हणजे एक पांढरी चादर, चिकटपट्टीची रिळं आणि माझं तोंड. कुरिअरच्या ऑफिसात पार्सलच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा मला एकच विद्या येत होती: कुठलीही वस्तू अशी बांधायची की वाटेत कोणी आपटली तरी फुटता कामा नये. मग घर बदलणारे लोक जे टाकून जातात ते मी उचलून आणायला लागले. घासूनपुसून, चादरीपुढे ठेवून फोटो काढायचा आणि ऑनलाइन लिलावाला लावायचं. "घराचं पार गोदाम केलंस," असं नवरा म्हणायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच चादर ताणून धरून उभा राहायचा.

वर्णनं लिहिताना मात्र माझ्या नाकी नऊ यायचे. 'किटली, चांगल्या स्थितीत' यापुढे माझी गाडी जाईना. बाबा आमच्याकडेच राहतात. त्यांचा जन्म वीज खात्यात मीटर वाचण्यात गेला. निवृत्त झाल्यापासून वाचायला मीटर नाहीत, म्हणून माझ्या चुका वाचतात. एके दिवशी म्हणाले, "सरक, मी लिहितो." एका बोटाने टाइप करायचे, अक्षर सापडलं नाही की की-बोर्डलाच दम द्यायचे. पण लिहायचे झकास. कान तुटलेल्या कपाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'कान नाही, पण पोटाचा चांगला आहे.' तो कप त्याच दिवशी गेला. मी निर्धास्त झाले आणि लिखाणाचं खातं त्यांच्यावर सोपवून टाकलं.

नंतर एकदा सहज यादी चाळली तर काही वस्तू नुसत्याच पडून होत्या. बोली नाही, विचारणा नाही, कुत्रंही फिरकलेलं नाही. मथळे वाचले आणि माझं डोकंच फिरलं. 'थापाड्या विकणे आहे.' 'गारठ्या, झाकणासह.' 'डुगडुगराव, जुने, घरगुती वापरातले.'

आता हे बाहेरच्या माणसाला काय कळणार? आमच्या घरात वस्तूंना नावं ठेवायची खोड आहे, आणि ती बाबांचीच. कधीच खरी वेळ न सांगणारं टेबलावरचं घड्याळ म्हणजे थापाड्या. ज्यात ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवायचा तो थर्मास म्हणजे गारठ्या. आणि एक पाय आखूड असलेलं लाकडी स्टूल म्हणजे डुगडुगराव.

"अहो बाबा," मी म्हटलं, "लोक 'स्टूल' असं टाकून शोधतात. 'डुगडुगराव' असं कोण शोधणार आहे या जगात?"

"शोधणारा शोधेल."

"पण कोण?"

"नाव बदलू नकोस," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मी यादीतले फोटो पुन्हा नीट पाहिले. या तिन्ही वस्तू मी आणलेल्या मालातल्या नव्हत्याच. त्या आमच्या माळ्यावरच्या होत्या, बाबांनी गुपचूप उतरवलेल्या. आणि ती नावं ठाऊक असणारी माणसं फार नव्हती. मी, बाबा, आई, ती तर गेली. आणि भोंगा.

भोंगा माझा धाकटा भाऊ. जन्मला तोच अशा आवाजात रडत की दाईने कानावर हात ठेवले म्हणे, तेव्हापासून भोंगा. बाबांनी खटपट करून त्याला आपल्याच खात्यात चिकटवला. हा पठ्ठ्या पहिला पगार व्हायच्या आत राजीनामा देऊन आला आणि गावोगाव स्पीकरच्या भिंती उभ्या करणाऱ्या मंडळींबरोबर निघाला. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "गेलास तर परत तोंड दाखवू नकोस." उभ्या आयुष्यात भोंग्याने बाबांचं ऐकलेलं हे एकमेव वाक्य. त्याचा नंबर बदलला. बाबांचं सरकारी क्वार्टर सुटलं, आम्हीही घर बदललं. आम्हाला त्याचा पत्ता नाही, त्याला आमचा नाही. बाबा त्याचं नाव काढत नसत, आणि मी काढलं तर उठून पाणी प्यायला जात. मला वाटायचं, आटलं यांच्या मनातलं. आणि हा माणूस एका बोटाने जगभर हाका मारत बसला होता.

त्या रात्री मला रडू आलं. सकाळी मी काही बोलले नाही आणि नावंही बदलली नाहीत. उलट मुदत संपली की गुपचूप तीच वस्तू पुन्हा लावायला लागले. बाबांना कळत होतं, पण त्यांनीही ताकास तूर लागू दिली नाही.

त्या साइटवर प्रत्येक वस्तूखाली 'पाहणारे' म्हणून आकडा असतो. डुगडुगरावांचा आकडा कायम शून्य. बाबा चहा घेण्याआधी तो आकडा पाहायचे, मग चहा घ्यायचे. कितीतरी महिने असेच गेले. आणि एका सकाळी त्यांचा कप तसाच राहिला, कारण शून्याच्या जागी एक आला होता.

"चुकून कोणी दाबलं असेल," मी म्हटलं.

दुपारी प्रश्न आला. तिथे नाव दिसत नाही, नुसता ग्राहक क्रमांक. नियमही कडक: फोन नंबर, पत्ता, खाजगी बोलणं असं काही लिहिलं की यंत्र ते उडवून टाकतं आणि खातं बंद करतं. विचारायचं ते वस्तूबद्दलच. प्रश्न होता, 'अजून डुगडुगतो का?'

मी बाबांना ढकलून टाइप करायला झेपावले. "भोंग्या, तूच का रे" असं माझ्या ओठांवर आलं होतं. बाबांनी माझा हात धरला. "खातं बंद होईल. मग तो कुठे शोधेल?" आणि एका बोटाने लिहिलं, 'हो. दुरुस्त केला नाही.'

उत्तर वाचलं गेल्याची खूण आली. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. नवरा ऑफिसातून आला, आमचे चेहरे बघून चपला हातात घेऊन आत गेला. नंतर दुसरा प्रश्न आला: 'खिडकीशी ठेवला तर लहान मुलाला रस्ता दिसेल का?'

आता शंकाच उरली नाही. भोंगा लहानपणी संध्याकाळी डुगडुगरावावर चढून खिडकीचे गज धरून उभा राहायचा, बाबांची सायकल कोपऱ्यावर दिसेपर्यंत. स्टूल हलू नये म्हणून मी खालून पाय धरून बसायचे. माझ्या बोटांना अजून त्या आखूड पायाची कड आठवते. बाबांनी की-बोर्ड पुढे ओढला. मग लिहिलं, 'दिसतो. हल्ली मी बसतो त्यावर. मलाही दिसतो.'

"हे खाजगी झालं हं," मी घाबरून म्हटलं.

"स्टुलाबद्दलच आहे," बाबा म्हणाले. यंत्रालाही ते पटलं असावं.

त्यानंतर बोली लागली. त्याची एकच. मग कोणीतरी उपटसुंभ दुसरा आला, त्याने वर चढवली. बाबांनी त्या अनोळखी माणसाचा असा उद्धार केला की मलाही त्यांचा हात धरता आला नसता. पण भोंगा हटला नाही. मुदत संपली तेव्हा डुगडुगराव त्याचे झाले होते.

मी आनंदाने टाळी वाजवली. आता तो पार्सलसाठी पत्ता देणार! पत्ता मिळाला की मी स्टूलबिल घेऊन थेट त्याच्या दारात जाऊन कान उपटणार होते. पण खाली शेवटचा प्रश्न आला: 'पार्सल नको. स्वतः येऊन नेलं तर चालेल का?'

बाबा पुढे सरकले. त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं: 'चालेल. दार उघडं असतं.' आमच्या दाराला दोन कड्या आणि वर साखळी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती साखळी त्यांनी स्क्रू काढून उतरवली.

स्वतः येऊन नेणाऱ्याचा पत्ता विकणाऱ्याला मिळत नाही. आमचा पत्ता त्याला गेला. आमच्याकडे राहिली ती वाट.

तो त्या आठवड्यात आला नाही. पुढच्याही नाही. साइट अधूनमधून विचारते, 'खरेदीदार आलेला नाही. विक्री रद्द करायची की मुदत वाढवायची?' बाबा मुदत वाढवतात. मी मनातल्या मनात भोंग्याला शिव्या घालते, मग वाटतं, धीर होत नसेल. तोंड दाखवू नकोस म्हटलेल्या दारात तोंड कसं घेऊन यायचं, याची तयारी करत असेल. तरी जिन्यात पावलं वाजली की माझा हात कणकेत असो की पाण्यात, तो तसाच थांबतो.

परवा एक बाई इस्त्री न्यायला आल्या. मी ती बांधत होते, तेवढ्यात त्या टेकायला म्हणून दाराजवळच्या डुगडुगरावाकडे वळल्या.

"त्यावर नका बसू," बाबा खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले. "विकलंय ते. मालक न्यायला येणार आहेत."

भोंग्याला त्यांनी आयुष्यात 'गाढवा'खेरीज दुसऱ्या शब्दाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. चिकटपट्टी माझ्या हातातच राहिली.

"आज येणार आहेत का?" बाईंनी सहज विचारलं.

"निघालेत," बाबा म्हणाले.