दसऱ्याला उजळलेली स्कूटर

माझी कन्या हर्षाली हिला पायाने रेटत चालवावयाच्या स्कूटरवरून उडी मारण्याचा ध्यास लागला होता. ती स्कूटर पुण्याच्या मोहिनीमावशीने तिला वाढदिवसानिमित्त दिलेली. लहान मुलांच्या स्कूटरप्रमाणे ती दुमडत नाही. दांडा भक्कम, चाके लहान व कठीण, आणि उभे राहावयाच्या पट्टीवर काळा खरखरीत कागद चिकटवलेला. मोबाईलवरील चित्रफितीत तिच्याएवढी मुले गुडघे वाकवून स्कूटरसकट हवेत उडत. हर्षालीचे पुढचे चाक उठे, मागचे मात्र भुई सोडावयास तयार नसे.

माझे थोरले बंधू भिमाजी, ज्यांना ती आप्पा म्हणते, हे तिच्या या विद्येचे एकमेव प्रेक्षक होते. पंचवटीत आम्हा बंधूंचे तांब्यापितळेची भांडी उजळण्याचे दुकान आहे. सायंकाळी हात धुऊन आप्पा देवळामागच्या फरसबंद पटांगणात कट्ट्यावर बसत आणि प्रत्येक फसलेल्या उडीनंतर, आता जरा हलली हं, असा अभिप्राय देत. त्यांना स्वतःचे अपत्य नाही. हे सांगावयाचे नव्हते, परंतु सांगितल्यावाचून पुढील हकिगत नीट समजणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातील यच्चयावत हत्यारे व वाहने घासूनपुसून पूजेस सिद्ध करण्याची आमच्याकडे रीत आहे. दुकानातील मोटर झाली, ब्रश झाले, माझी दुचाकी झाली, आणि आप्पांची दृष्टी स्कूटरवर गेली. आमच्या धंद्यात खरखरीत कागद हा वस्तू घासण्यापुरता असतो. काम सरले की तो फेकून द्यावयाचा. आप्पांना वाटले, कारखान्यातील कुणा आळशाने काम अर्धवट टाकून कागद तसाच ठेवून दिला आहे. त्यांनी तो सोलून काढला, खालचा डिंक रॉकेलने पुसला आणि पट्टीस अशी चकाकी आणली की तिच्यात तोंड दिसावे.

दुसऱ्या दिवशी स्कूटरला हळदकुंकू लागले, दांड्याला झेंडूची माळ चढली. झळाळती पट्टी पाहून हर्षाली इतकी हरखली की कागद गेल्याचे तिच्याही ध्यानी आले नाही. पूजा आटोपताच ती पटांगणात धावली, तिने वेग घेतला, गुडघे वाकवले, दांडा ओढला, आणि त्याच क्षणी तिचे पाय पट्टीवरून निसटले. हनुवटीस टाके घालावे लागले.

तो कागद पाय धरून ठेवण्यासाठीच होता, हा खुलासा मोहिनीने फोनवर केला. आप्पा शेजारीच उभे होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

हर्षाली आप्पांवर मुळीच रागावली नाही. ती फक्त भिऊ लागली. आप्पांनी दुकानातील नवा जाडा कागद मापाने कापून पट्टीवर चिकटवला, तरी स्कूटर पलंगाखालून बाहेर येईना. टाके निघाले. असले खेळ लहान मुलांचे, असे ती म्हणू लागली. एके दिवशी भांडे घासता घासता आप्पा मला म्हणाले, "पोरीची उडी मीच काढून घेतली रे."

पुढे दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी हर्षालीस घेऊन दूध आणावयास निघालो, तो पटांगणात आप्पा स्वतः स्कूटरवर उभे. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, चेहरा गंभीर. आपण चिकटवलेला कागद पाय धरतो की नाही, याची परीक्षा ते स्वदेहावर घेत होते. फुलवाल्या ठमाबाई माळा ओवता ओवता थांबल्या.

"भिमाजी, हाड मोडलं तर दिवाळीची भांडी कोण घासणार?"

आप्पांनी दांडा जोराने ओढला. स्कूटर जागच्या जागी राहिली. हलले ते आप्पाच.

हर्षालीने हे काही वेळ सोसले. मग माझा हात सोडून ती पुढे झाली.

"आप्पा, तुम्ही नुसता दांडा ओढताय. आधी खाली बसायचं, मग उठायचं, आणि पाय पोटाशी घ्यायचे."

"पोट मध्ये येतं गं."

"सरका बरं."

केवळ दाखविण्यासाठी म्हणून ती पट्टीवर चढली. बुटाचा तळ तिने कागदावर घासून पाहिला, पुन्हा घासला. मग ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. दांड्यावरील तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. मी दुधाची किटली छातीशी धरली.

तिने एक पाय रेटला. गुडघे वाकले. स्कूटर तिच्या पायांसह वर आली, आणि दोन्ही चाकांखालून पलीकडची फरशी मला स्पष्ट दिसली. खाली येताना ती डगमगली, परंतु पडली नाही.

माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

"आप्पा, दिसलं?"

"नाही गं," आप्पा ओशाळून म्हणाले. "भीतीनं डोळे मिटले होते."

हर्षालीने मोठा सुस्कारा सोडला.

"आता उघडे ठेवा," असे बजावून तिने स्कूटर वळवली आणि पुन्हा वेग घेण्यासाठी ती पटांगणाच्या टोकाकडे निघाली.